मोटारबोटीचा गिअर अडतो तेव्हा : दोष कोठे व कसा शोधावा

नागपूरच्या पूर्वेस धानाची शेती आणि तलाव यांचा संबंध पिढ्यानपिढ्यांचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांच्या पाण्यावर धान पिकतो आणि त्याच पाण्यात ढिवर बांधव मासळी धरतात. पूर्वी या पाण्यावर डोंगा आणि वल्हे एवढेच साधन असे. पुढे वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण झाले. त्याची पायाभरणी १९८८ साली झाली होती. धरणाचे फुगवट्याचे पाणी भंडारा जिल्ह्यातून नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यापर्यंत पसरले. एवढ्या विस्तीर्ण पाण्यावर हाताच्या बळावर जाणे कठीण असल्याने मोटारबोटीचा वापर वाढत गेला.

मोटारबोटीचे दुसरे काम पुराच्या वेळचे आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड गावी मोठी प्राणहानी झाली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पेंच, कन्हान व वैनगंगा या नद्यांना महापूर येऊन नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील अनेक गावे पाण्याने वेढली गेली. अशा वेळी आपत्ती प्रतिसाद दलाची बोट येऊन पोहोचेपर्यंत गावाजवळची बोट हाच आधार असतो. ती बोट वर्षातील दहा महिने छपरीत पडून असते आणि ऐन प्रसंगी तिचा गिअर पडत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. धारेत सापडलेली व गिअर न पडणारी बोट म्हणजे माणसे बसविलेला लाकडाचा ओंडकाच होय. म्हणून या विषयाची माहिती केवळ मेकॅनिकपुरती न ठेवता ग्रामपातळीवरील कार्यकर्ते, मत्स्य सहकारी संस्थांचे सभासद व नदीकाठचे शेतकरी या सर्वांस असावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

एक अनुभव

पावसाळ्यापूर्वीच्या एका सरावात तलावाच्या काठी बोट पाण्यात उतरविण्यात आली. इंजिन पहिल्याच ओढीत सुरू झाले. चालकाने दांडा पुढे केला, परंतु बोट जागची हलली नाही. त्याने इंजिनास अधिक रेस दिली. आवाज वाढला, धूर वाढला, बोट मात्र तेथेच. वाऱ्याने ती हळूहळू बांधाच्या दगडांकडे सरकू लागली, तेव्हा दोघांनी पाण्यात उतरून ती धरली. जमलेल्या मंडळींनी गिअरपेटी फुटल्याचा निर्णय दिला आणि इंजिन खोलण्यासाठी नागपूरला पाठविण्याची तयारी सुरू झाली. प्रस्तुत लेखकानेही प्रथम गिअरपेटीचे तेल काढून पाहण्याचाच सल्ला दिला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

तेवढ्यात मासेमारी करणाऱ्या एका तरुणाने इंजिनावरचे झाकण काढले व आत बोट दाखविले. गिअरची केबल इंजिनाच्या खुंटीवरून निसटून मोकळी लोंबत होती. तिला अडकवून धरणारी स्प्लिट पिन कधीतरी गळून पडली होती. दांडा हलत होता, केबल हलत होती, पण गिअरपर्यंत काहीच पोहोचत नव्हते. नवी पिन घालताच बोट चालू लागली. पिनेची किंमत नगण्य होती, परंतु हाच प्रकार वैनगंगेच्या पुरात घडला असता तर त्याची किंमत काय झाली असती, याचा विचार वाचकांनीच करावा.

या अनुभवावरून एक नियम ध्यानी येतो. गिअरची तक्रार आली म्हणजे दोष गिअरपेटीतच असतो असे नाही. हातापासून सुरुवात करावी व पंख्यापर्यंत क्रमाने जावे. गिअरपेटी अगदी शेवटी उघडावी.

गिअरची रचना

बोटीच्या मागील फळीस बाहेरून जे इंजिन अडकवितात, त्याच्या डोक्यात इंजिन असते व पाण्यात बुडणाऱ्या टोकास गिअरपेटी व पंखा असतो. इंजिनाचा फिरता दांडा उभा खाली येतो. त्याच्या टोकास पिनियन नावाचे लहान दंतचक्र असते. हे पिनियन दोन मोठ्या दंतचक्रांस एकाच वेळी फिरविते. त्यांपैकी एक पुढे जाण्यासाठी व दुसरे मागे जाण्यासाठी असते. पिनियन मध्ये असल्यामुळे ही दोन्ही चक्रे परस्परांच्या उलट दिशेने फिरतात आणि इंजिन चालू असेपर्यंत ती सतत फिरत राहतात.

पंख्याचा आडवा दांडा या दोन चक्रांच्या मधून जातो, पण तो त्यांना पक्का जोडलेला नसतो. त्या दांड्यावर एक दातेरी कडी पुढेमागे सरकते. मेकॅनिक तिला डॉग म्हणतात. कडी पुढच्या चक्राच्या खाचांत शिरली की पंखा पुढच्या दिशेने फिरतो, मागच्या चक्रात शिरली की उलट फिरतो आणि दोहोंच्या मध्ये राहिली की पंखा थांबतो. या मधल्या स्थितीस न्यूट्रल म्हणतात. चालकाच्या हातातील दांडा, त्याची केबल, इंजिनावरील आडकाठी व खाली जाणारी सळई ही सारी यंत्रणा एवढ्याचसाठी असते की ती छोटी कडी काही मिलिमीटर पुढे किंवा मागे सरकावी. लहान इंजिनांत केबल नसते व गिअरचा दांडा इंजिनाच्याच बाजूस असतो.

अगदी आरंभीच्या बाह्य इंजिनांत गिअर नव्हताच. मागे जाण्यासाठी संपूर्ण इंजिनच उलट वळवावे लागे. अमेरिकेत १९४९ च्या सुमारास पुढे, न्यूट्रल व मागे अशा तीन स्थितींचा गिअर लहान इंजिनांत येऊ लागला, आणि आजची रचना तत्त्वतः तीच आहे.

ट्रॅक्टरची सवय येथे घातक

आमच्या भागातील बोटचालकांपैकी पुष्कळजण ट्रॅक्टरही चालवितात. ट्रॅक्टरवर क्लचचे पायडल दाबून गिअर सावकाश बसविण्याची सवय हातास लागलेली असते. तेथे ती योग्यच आहे, कारण क्लच दाबल्यावर इंजिनाचा जोर गिअरवर येत नाही. बोटीत मात्र असे पायडल नसते. चक्रे फिरतच असतात आणि स्थिर कडीस त्या फिरत्या खाचांत शिरावयाचे असते. दांडा हळूहळू ढकलला तर कडीचे दात चक्राच्या दातांवर घासत राहतात आणि करकर असा आवाज येतो. प्रत्येक वेळी दातांची धार थोडी थोडी गोल होते. दात एकदा गोल झाले म्हणजे गिअर पडूनही टिकत नाही व जोर आला की निसटतो.

म्हणून बोटीचा गिअर टाकताना पुढील तीन गोष्टी पाळाव्यात.

१. इंजिन अगदी मंद गतीवर आणावे.

२. दांडा एका झटक्यात व ठाम हाताने पूर्ण स्थितीपर्यंत न्यावा. त्यास मध्ये रेंगाळू देऊ नये. ठामपणा म्हणजे दांडगाई नव्हे. दांडा अडत असेल तर बळ न लावता कारण शोधावे.

३. पुढून मागे किंवा मागून पुढे जाताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबावे व बोटीचा वेग कमी होऊ द्यावा. वेगात असलेली बोट थांबविण्यासाठी एकदम उलटा गिअर टाकणे म्हणजे गिअरपेटी स्वतःच्या हाताने मोडणे होय.

मंद इंजिन व ठाम हात, एवढे दोन शब्द चालकाने लक्षात ठेवले तरी गिअरचे आयुष्य पुष्कळ वाढते.

तपासणीपूर्वीची दक्षता

पंख्यास हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करावे, चालकाच्या मनगटास बांधावयाची सुरक्षा दोरी बटणापासून काढून घ्यावी व स्पार्क प्लगच्या वायरी सोडवून बाजूस ठेवाव्यात. पंखा हाताने फिरविताना इंजिन एखादे वेळी आपोआप सुरू होऊ शकते. ही दक्षता न घेतल्यास बोटे जाण्याचा धोका असतो.

इंजिन कोरड्यावर चालवू नये. ते नदीच्या पाण्यानेच थंड होते व पाणी न मिळाल्यास त्यातील पाणीपंपाचे रबरी चक्र थोड्याच वेळात जळते. गिअर टाकून पाहावयाचा असल्यास बोट पाण्यात ठेवून पुढून व मागून भक्कम दोराने बांधावी आणि मागच्या बाजूस कोणासही पाण्यात उभे राहू देऊ नये.

शोधाचा क्रम

शेतात पाणी पोहोचले नाही तर शेतकरी एकदम विहीर उपसत नाही. तो पाटाच्या कडेकडेने चालत जातो व बांध कोठे फुटला ते पाहतो. गिअरचा शोधही तसाच करावा. त्याचे पाच टप्पे आहेत.

पहिला टप्पा : दांडा. पुष्कळ बोटींत दांड्याच्या मुठीखाली न्यूट्रलचे कुलूप असते. ते बोटांनी वर उचलल्याशिवाय दांडा हलत नाही. नवखा चालक ते न उचलता जोर लावतो व गिअर जाम झाला असे समजतो. तसेच थंड इंजिन सुरू करताना केवळ रेस वाढविता यावी म्हणून दांड्याच्या बुडाशी एक बटण असते. ते लावलेले राहिल्यास दांडा पुढे जातो, इंजिन ओरडते, पण गिअर पडत नाही. दांडा न्यूट्रलमध्ये आणून बटण पूर्ववत करावे. या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

दुसरा टप्पा : इंजिनाकडील जोड. झाकण काढून केबलचे टोक इंजिनाच्या खुंटीवर बसले आहे काय, स्प्लिट पिन जागेवर आहे काय, वायसर घासून गेला आहे काय हे पाहावे. सोबत्यास दांडा पुढेमागे करावयास सांगावा व खुंटी किती हलते ते पाहावे. दांडा पूर्ण हलतो आणि खुंटी अर्धवट हलते, असे दिसल्यास केबल ढिली आहे, तिचा बाहेरचा पट्टा सुटला आहे किंवा तिचे माप चुकले आहे असे समजावे.

तिसरा टप्पा : केबल. दांडा जड लागत असेल तर केबलचे इंजिनाकडील टोक खुंटीवरून सोडवावे व दांडा पुन्हा हलवून पाहावा. आता तो हलका झाला तर दोष केबलच्या पुढे, म्हणजे इंजिनाकडे आहे. अजूनही जड असेल तर दोष केबलमध्ये किंवा दांड्याच्या पेटीत आहे. त्यानंतर केबलचे दुसरे टोकही पेटीतून सोडवावे. पेटीचा दांडा मोकळा हलला व केबल हाताने ओढताना अडखळली, तर केबलच खराब आहे हे निश्चित झाले. या एका चाचणीने अर्धी यंत्रणा तपासून होते व खर्च काहीच येत नाही.

केबल आतून गंजली किंवा मुडपली असेल तर ती बदलावी. तिच्यात तेल ओतून काही दिवस काम भागते, परंतु ती पुन्हा अडते आणि तेही नको त्या वेळी. केबलच्या बाहेर सरकणाऱ्या सळईवर मात्र पाण्यात टिकणाऱ्या वंगणाचा पातळ थर द्यावा. नवी केबल घेताना तिची लांबी जुन्या केबलइतकीच असावी व ती बसविताना तीव्र वळण देऊ नये.

चौथा टप्पा : गिअरपेटीची सळई. केबल सोडविलेली असतानाच इंजिनावरील खुंटी हाताने पुढेमागे करावी. त्याच वेळी सोबत्याने पंखा हाताने सावकाश फिरवीत राहावे, म्हणजे कडीचे दात खाचांसमोर येतील. इंजिन बंद असताना पंखा न फिरविता खुंटी ढकलल्यास दातावर दात येऊन ती अडते. तो दोष नव्हे. पुढचा गिअर पडल्यावर व मागचा पडल्यावर पंखा अडला पाहिजे. काही इंजिनांत पुढच्या गिअरमध्ये एका दिशेने टकटक असा आवाज करीत पंखा फिरतो, ती त्यांची रचनाच असते. न्यूट्रलमध्ये पंखा दोन्ही दिशांस मोकळा फिरला पाहिजे. खुंटी हलकी व तिन्ही स्थिती स्पष्ट लागत असतील तर गिअरपेटी बहुधा निर्दोष आहे. पंखा फिरवूनही खुंटी जड राहिली किंवा एखादी स्थिती मिळालीच नाही, तरच दोष आत आहे.

पाचवा टप्पा : पंखा. गिअर नीट पडतो, इंजिन जोरात फिरते, पण बोट पुढे जात नाही किंवा फार मंद जाते, अशा वेळी पंखा पाहावा. लहान इंजिनांत पंखा एका मऊ धातूच्या पिनेने दांड्यास जोडलेला असतो. पंखा खडकावर किंवा बुडीत झाडाच्या खुंटावर आदळला तर गिअर वाचावा म्हणून ही शिअर पिन स्वतः तुटते. तिच्या जागी खिळा किंवा पोलादी सळईचा तुकडा घालू नये. तसे केल्यास पुढच्या धडकेस पिनेऐवजी गिअर तुटतो. मोठ्या इंजिनांच्या पंख्यात पिनेऐवजी रबरी गाभा असतो. तो सैल झाला की दांडा फिरतो व पंखा मागे राहतो. याची चाचणी सोपी आहे. पंख्याच्या मधल्या धातूच्या नळीवर व पंख्याच्या अंगावर रंगाची एक सलग रेघ ओढावी आणि बोट थोडा वेळ चालवून पाहावी. रेघ तुटून दोन्ही भाग एकमेकांपासून सरकलेले दिसले तर रबरी गाभा निकामी झाला आहे, गिअर नव्हे.

जाळे, जलपर्णी आणि गिअरचे तेल

आमच्या जलाशयांत पंख्याचे दोन शत्रू विशेष आहेत. पहिला शत्रू जलपर्णी व पाणवनस्पती. त्या पंख्यास गुंडाळल्या की गिअर टाकताच इंजिन गुदमरून बंद पडते. दुसरा शत्रू नायलॉनच्या जाळ्याचा तुटका धागा. तो अधिक घातक आहे, कारण तो दिसत नाही. पंख्यामागे दांड्यावर तो गुंडाळला जातो, घर्षणाने तापतो व गिअरपेटीचे पाणी रोखणारे ऑईल सील कापतो. त्यानंतर आतील तेल बाहेर व तलावाचे पाणी आत येऊ लागते. बोट चालत राहते, तक्रार काहीच नसते आणि काही महिन्यांनी बेअरिंगे गंजून गिअर जाम होतो. म्हणून जाळ्यांच्या पाण्यातून बोट नेणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी पंखा काढून दांडा पाहावा व धागा असल्यास कापून काढावा.

गिअरचे तेल हे गिअरपेटीच्या प्रकृतीचे खरे पुस्तक आहे. ते वाचावयाचे ते असे. इंजिन उभ्या स्थितीत रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी खालचा बूच किंचित सैल करावा. पाणी तेलाहून जड असल्याने ते तळाशी बसते व प्रथम बाहेर येते. तेल दुधासारखे किंवा ताकासारखे पांढरट झाले असेल तर पाणी तेलात घुसळले गेले आहे असे समजावे. अशा वेळी केवळ तेल बदलून भागत नाही, सील बदलावे लागते. बुचाच्या लोहचुंबकावर काळसर मऊ लेप असणे ही नेहमीची झीज होय. परंतु धातूचे चकचकीत कण किंवा तुकडे आढळल्यास बोट चालविणे बंद करावे व गिअरपेटी मेकॅनिककडे द्यावी.

तेल भरण्याची रीत उलटी आहे, हे विशेष लक्षात ठेवावे. वरचा व खालचा असे दोन्ही बूच काढून जुने तेल पूर्ण वाहू द्यावे. मग खालच्या छिद्रातून तेल दाबत न्यावे, म्हणजे आतील हवा वरच्या छिद्राने निघून जाते. वरून तेल ओघळू लागले की प्रथम वरचा बूच लावावा व नंतर झटकन खालचा. वरून तेल ओतल्यास आत हवा अडकते व पेटी अर्धवट भरते. बुचांचे वायसर नवे घालावेत. लहान इंजिनांत बहुधा अर्ध्या लिटरहून कमी तेल लागते, त्यामुळे येथे काटकसर करण्यात अर्थ नाही. तेल बाह्य इंजिनाच्या गिअरसाठीचेच असावे व त्याची प्रत इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावी. ट्रॅक्टरचे उरलेले किंवा इंजिनातून काढलेले जळके तेल घालू नये. नव्या इंजिनाचे तेल पहिल्या १० ते २० तासांनंतर व पुढे दर १०० तासांनी बदलण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ते बदललेच पाहिजे.

तक्रार व तिचे संभाव्य कारण

१. गिअर टाकताना मोठा खटका किंवा करकर : इंजिनाची मंद गती वाढलेली असणे हे प्रमुख कारण. पुष्कळ लहान इंजिनांत ती न्यूट्रलमध्ये मिनिटास ७०० ते १,००० फेऱ्यांच्या आसपास असते, नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. दुसरे कारण हळू हात.

२. गिअर टाकताच इंजिन बंद पडते : मंद गती फार कमी, पंख्यास जाळे अगर वनस्पती, किंवा गिअरपेटी जाम. न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवून तिसरे कारण पडताळावे.

३. पुढचा गिअर पडतो पण मागचा पडत नाही, अथवा उलट : केबलचे माप चुकले. केबल एका बाजूस अधिक ओढलेली असते.

४. न्यूट्रलमध्येही बोट सरकते : हेही बहुधा मापाचेच लक्षण. अशी बोट काठावर उतरणाऱ्या माणसांस धोक्याची आहे.

५. गिअर पडतो, पण रेस वाढविताच खटका होऊन निसटतो : प्रथम केबलचे माप तपासावे. माप ठीक असल्यास कडीचे दात झिजले आहेत. गिअरपेटी खोलल्यावाचून उपाय नाही व अशी बोट पुरात नेऊ नये.

६. मागे जाताना इंजिनच पाण्याबाहेर उचलले जाते : गिअरचा दोष नाही. इंजिन खाली धरून ठेवणारा रिव्हर्सचा खटका लागलेला नाही.

७. इंजिन सुरूच होत नाही : गिअरमध्ये असताना सुरू न होण्याची सुरक्षा व्यवस्था अनेक इंजिनांत असते. दांडा न्यूट्रलमध्ये आहे काय ते पाहावे. तो तेथे असूनही इंजिन सुरू होत नसेल तर केबलचे माप व न्यूट्रलचा स्विच पाहावा.

केबलचे माप लावणे

दांडा बरोबर न्यूट्रलमध्ये ठेवावा. इंजिनावरील खुंटीही पंखा फिरवून बरोबर न्यूट्रलमध्ये आणावी. आता केबलचे टोक खुंटीवर न ओढता व न ढकलता, अलगद बसले पाहिजे. बसत नसेल तर टोकावरील आट्यांचा तुकडा फिरवून लांबी कमीजास्त करावी. हा तुकडा केबलच्या आट्यांवर पुरेसा चढलेला असावा. साधारणपणे ८ मिलिमीटरहून कमी आटे आत राहिल्यास टोक उपसून येण्याचा धोका असतो. शेवटी कुलूपनट घट्ट करावा, पिन घालावी व तिची दोन्ही टोके फाकवावीत. नंतर बांधलेल्या बोटीवर तिन्ही स्थिती तपासाव्यात.

पाण्याच्या मध्यभागी गिअर गेल्यास

अशा वेळी रेस वाढविणे हा पहिला मोह होतो व तीच पहिली चूक ठरते. रेस ताबडतोब कमी करून इंजिन बंद करावे. सर्वांस बोटीच्या तळाशी बसवून ठेवावे व कोणासही उभे राहू देऊ नये. वाहत्या पाण्यात नांगर बोटीच्या पुढच्या टोकावरून टाकावा. मागून टाकल्यास धार मागील फळीवरून आत शिरून बोट बुडते. नांगर धरल्यावर वर सांगितलेल्या क्रमाने दांडा, जोड व केबल पाहावी. नांगर धरत नसेल तर वल्ह्यांनी बोट तिरकी नेत काठाकडे, संथ पाण्यात घ्यावी. संथ जलाशयात पुढचा गिअर गेला व मागचा शाबूत असेल तर बोट अगदी मंद गतीने उलटी चालवून काठ गाठता येतो, परंतु लाटांत किंवा धारेत हा प्रयोग करू नये.

म्हणून प्रत्येक बोटीत जीवनरक्षक जाकिटे तर असावीतच, शिवाय दोन वल्ही, दोरासह नांगर, पक्कड, पाना, पेचकस, चार स्प्लिट पिना, दोन शिअर पिना व धारदार चाकू एवढे सामान एका डब्यात सदैव असावे. डब्यातील पिन दुसऱ्या कामास घेतली तर त्याच दिवशी नवी आणून ठेवावी.

वर्षाचे वेळापत्रक

रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे पेरणीची धांदल सुरू होण्याआधी, बोटीची संपूर्ण तपासणी करून घ्यावी. तेल पाहावे, केबलच्या दोन्ही टोकांच्या पिना नव्या घालाव्यात, पंखा काढून दांडा स्वच्छ करावा व त्यास वंगण लावावे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर पंधरा दिवसांनी बोट पाण्यात उतरवून तिन्ही गिअर टाकून पाहावेत. पडून राहिलेली केबल चालणाऱ्या केबलपेक्षा लवकर अडते. दिवाळीनंतर बोट ठेवून देताना गिअरचे तेल बदलावे, म्हणजे आत शिरलेले पाणी वर्षभर बेअरिंगांस खात बसणार नाही. इंजिन उभेच ठेवावे, झाकावे व उंदरांपासून जपावे.

एका वहीत इंजिनाचे तास, तेल बदलल्याची तारीख व झालेली दुरुस्ती लिहीत जावे. ग्रामपंचायतीची किंवा संस्थेची बोट अनेकांच्या हाती जाते. जी वस्तू सर्वांची ती कोणाचीच नाही, अशी तिची स्थिती होऊ नये म्हणून दोन व्यक्तींवर नावानिशी जबाबदारी द्यावी. गावातील दोन तरुणांस व दोन तरुणींस वरील पाच टप्पे प्रत्यक्ष करून दाखवावेत आणि स्वतः करावयास लावावेत. सराव दिवसा एकदा व कंदिलाच्या उजेडात एकदा घ्यावा, कारण पूर येताना दिवस पाहून येत नाही.

बैलगाडी जुंपण्यापूर्वी शेतकरी आखाची कुणी हाताने चाचपून पाहतो. त्यासाठी त्यास कोणी हुकूम देत नाही. बोटीच्या केबलची पिन चाचपण्याची तीच सवय गावोगावी रुजली, तर पुराच्या रात्री दांडा पुढे होताच बोटही पुढे जाईल.